आधी दाखला की आधी रेशन?

गटाच्या मासिक बैठकीला जशा आपण गोल करून बसतो, तशाच आज रेडिओभोवती बसलोय असं समजा. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आजचा विषय दाखल्याचा. दाखला आपल्याला काही नवा नाही. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी, उत्पन्नाचा, जातीचा. म्हाताऱ्या माणसाला तर पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत याचासुद्धा दाखला द्यावा लागतो. कोरोनाच्या साथीत या गठ्ठ्यात आणखी एका कागदाची भर पडली. या माणसाच्या अंगात रोगाशी लढायची ताकद आहे, याला मोकळं फिरू द्या, असं सांगणारा कागद. त्याला आपण प्रतिकारशक्तीचा दाखला म्हणू. तो दोन प्रकारचा. एक, आजार होऊन बरा झालेल्याचा. दुसरा, लस घेतलेल्याचा.

साथ ओसरली, मग आता हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. आम्ही गटाचं काम करणाऱ्या बाया आहोत, आम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे. कौलं पावसाआधी चाळायची असतात. धो धो पाऊस लागल्यावर कुणी छपरावर चढत नाही. साथ आली की नियम घाईत होतात आणि त्याचा पहिला फटका ज्यांच्याजवळ कागद नसतो त्यांना बसतो. त्यात बाया जास्त असतात. म्हणून निवांत आहोत तोवर बोलून घेऊ.

आधी पहिल्या प्रकाराचं बघू. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळं जग घरात कोंडलेलं होतं. तेव्हा काही देशांत असा विचार पुढे आला की ज्यांना कोरोना होऊन गेला, त्यांना दाखला द्यावा आणि कामावर जाऊ द्यावं. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने तर असा दाखला देण्याचं जाहीरही केलं होतं. ऐकायला बरं वाटतं. जो बरा झाला त्याला उगाच घरात का बसवायचं?

पण २४ एप्रिल २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सावध केलं. एकदा कोरोना होऊन गेलेल्याला तो परत होणार नाही, याला तेव्हा पुरावा नव्हता. असा दाखला मिळालेला माणूस निर्धास्त फिरेल आणि रोग पसरवेल, असं त्यांनी सांगितलं. पुढे ते आपण डोळ्यांनी पाहिलंच. एकदा झालेल्यांना दुसऱ्यांदा झाला. चिलीनेही तो विचार बाजूला ठेवला.

यात अजून एक धोका होता आणि आम्हाला तो जास्त मोठा वाटतो. समजा, आजार होऊन गेलेल्यालाच काम मिळणार असं ठरलं. मग ज्याच्या घरात दोन दिवसांचं पीठ उरलंय, तो काय करील? तो आजार ओढवून घेईल.

हे नुसतं मनाचं नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचं बंदराचं शहर आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथे दर काही उन्हाळ्यांनी पीतज्वराची साथ यायची. डास चावून होणारा हा ताप. १८५३ सालच्या एकाच साथीत तिथे सुमारे आठ हजार माणसं गेली. ज्याला हा ताप येऊन गेला आणि जो वाचला, त्याला तो सहसा पुन्हा येत नसे. त्यामुळे नोकरी देताना मालक आधी हेच विचारायचे, ताप होऊन गेला का? नसेल तर काम नाही. परदेशातून पोटासाठी आलेली गरीब माणसं मग मुद्दाम तापाच्या वाटेला जायची. जो वाचला त्याला काम, जो नाही वाचला त्याला मूठमाती. तिथे तेव्हा गुलामगिरी होती. ताप झेलून वाचलेल्या गुलामाला बाजारात जास्त भाव यायचा. पण तो जास्तीचा पैसा मालकाच्या खिशात जायचा. ताप सोसला एकाने, कमाई झाली दुसऱ्याची.

इतक्या लांबचं उदाहरण कशाला, असं वाटत असेल तर आपल्याकडे या. २०१९ मध्ये सरकारने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२,३०९ बायांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्याला कारणं अनेक होती. पण पाळीत दुखतं, अंगावरून जातं, म्हणून एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, ही धास्तीही त्यात होती. एका दिवसाच्या मजुरीसाठी जिथे बाईला पिशवी काढून टाकणं परवडतं असं वाटतं, तिथे आजाराच्या दाखल्यावर काम द्यायला लागलात तर तिने आजार विकत घेतला म्हणून तिला बोल कसा लावायचा? म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. आजारी पडण्याला बक्षीस असू नये. असा दाखला गरिबाला आगीत ढकलतो.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येऊ. लस घेतल्याचा दाखला. ही गोष्ट वेगळी आहे. लस घेऊन कुणी जिवावर उदार होत नाही, उलट जीव वाचतो. आम्ही स्वतः आशाताईंबरोबर घरोघरी फिरलो. उपकेंद्रावर रांगा लावल्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून नेलं. लशीवर आमचा विश्वास होता आणि आहे. जे बोलतोय ते लशीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. प्रश्न कागदाचा आहे. कागद कुठे मागायचा, कुणाकडे मागायचा आणि नसला तर त्या माणसाचं काय करायचं?

मुंबईच्या लोकलचं बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून सामान्य माणसांना लोकल खुली झाली. पण अट होती की दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसाला १४ दिवस झालेले हवेत. आपल्या गावांतल्या कितीतरी लेकी-सुना कल्याण, विरार, कर्जतच्या पलीकडे राहतात आणि धुणंभांडी, स्वयंपाकाला मुंबईत जातात. आता जरा बोटांवर हिशोब करू. समजा एका तिशीतल्या बाईने २५ जूनला कोविशील्डचा पहिला डोस घेतला. तेव्हा दुसरा डोस ८४ दिवसांनी मिळायचा, म्हणजे १७ सप्टेंबरला. त्यावर १४ दिवस. म्हणजे ऑक्टोबर उजाडला. मिळाल्या मिळाल्या लस घेऊनही पंधरा ऑगस्टनंतर दीड महिना तिला लोकल बंद. ज्यांच्या घरी ती कामाला जाते त्या मॅडमचे डोस वयामुळे आधीच झालेले, शिवाय दारात गाडी. नियम दोघींना एकच होता, पण पगार एकीचाच बुडाला.

गरोदर बायांचं तर विचारूच नका. त्यांना लस घ्यायची परवानगीच २ जुलै २०२१ ला मिळाली. तोवर त्यांनी घेतो म्हटलं तरी कुणी देत नव्हतं. जी लस सरकारच देत नाही, तिचा दाखला तिने आणायचा कुठून?

मग फोन. दाखला मोबाईलवर यायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९ ते २१ ची पाहणी सांगते की देशात स्वतः वापरते असा मोबाईल जेमतेम ५४ टक्के बायांकडे होता. बाकीच्यांचं नाव नवऱ्याच्या, दिराच्या, पोराच्या नंबरावर. आमच्या एका गटातल्या मावशींनी दोन्ही डोस वेळेवर घेतले. पण नोंद झाली पुतण्याच्या नंबरावर आणि पुतण्या पुण्याला. त्याच्याकडून ओटीपी येईपर्यंत मावशी कागदावर बिनलशीच्याच. दुसरीचं आधारवर नाव माहेरचं, दाखल्यावर सासरचं. तिसरी ऊसतोडीला गेली होती, पहिला डोस कारखान्यावर घेतला, दुसऱ्याची नोंद इकडे जुळेना. या तिघीही लस घेतलेल्या. दंडात सुई होती, हातात कागद नव्हता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात प्रशासनाने आदेश काढला. लशीचा किमान एक डोस झाल्याचा दाखला दाखवा, तरच रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळेल. त्यांची अडचण खरी होती. जिल्ह्यात लसीकरण ५५ टक्क्यांच्या आसपास अडकलं होतं आणि राज्य ७४ टक्क्यांवर पोहोचलं होतं. तिसरी लाट येईल ही भीती होती. अधिकाऱ्यांना लोकांचा जीव वाचवायचा होता, यात शंका नाही.

पण मैत्रिणींनो, रेशनच्या दुकानाचं दार आणि सिनेमागृहाचं दार ही दोन सारखी दारं नाहीत. सिनेमा नाही बघितला तर माणूस मरत नाही. रेशन २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आपला हक्क आहे. त्या दुकानावर रांगेत उभी राहते ती बाई. कागद तिच्याकडे मागणार आणि तो नाही म्हणून उपाशी झोपणार तिची पोरं, ज्यांना तेव्हा लस नव्हतीच. लस घ्यायला नवरा अडवत असेल, सासू अडवत असेल, तरी शिक्षा तिलाच. धाकाने दोन दिवस रांग वाढते, हे आम्ही मान्य करतो. पण धाकाने आलेल्या माणसाच्या मनातली भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो आशाताईला दारातही उभं करत नाही.

आपल्या तालुक्यातही त्याच सुमारास एका गावात बोलणं निघालं की आठवडी बाजारात दाखल्याशिवाय कुणाला बसू द्यायचं नाही. आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत यावर दोन तास चर्चा झाली. भाजी विकणाऱ्या बाया म्हणाल्या, एक बाजार बुडाला तर गटाचा हप्ता कुठून भरायचा? तेवढ्यात एक ताई उठली. दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला होता. ती म्हणाली, “माझं कुंकू गेलं. घरात दोन लेकरं आणि दम्याची सासू आहे. ज्याने लस घेतली नाही त्याच्या शेजारी मी का बसू? त्याच्या मर्जीला मोल आहे आणि माझ्या सासूच्या जिवाला नाही?”

बैठक एकदम गप्प झाली. तिचं म्हणणं खोडता येत नाही आणि खोडूही नये. साथीच्या रोगात माझं अंग हा फक्त माझा मामला राहत नाही. माझ्या खोकल्याने शेजारीण जाऊ शकते. म्हणून काही ठिकाणी दाखला मागणं रास्त आहे, असं आम्हालाही वाटतं. दवाखान्यात बाळंतिणीला हात लावणारी, अतिदक्षता विभागात काम करणारी माणसं, वृद्धाश्रमातली माणसं, यांनी लस घेतलेली असावी, हे मागणं जास्तीचं नाही. पीतज्वराचंच घ्या. आफ्रिकेतल्या काही देशांतून भारतात येणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. तो नियम बरीच वर्षं आहे आणि कुणाची त्याला हरकत नाही. का? तो रोग आपल्या देशात नाही, तो पसरवणारा डास मात्र आहे. ती लस जन्मभर पुरते. आणि विमानात बसणाऱ्याला ती घेता येते. तिथे कागद जे सांगतो ते खरं ठरतं.

कोरोनाची लस तशी नव्हती. तिने मरण टाळलं, दवाखाना टाळला, हे तिचं मोठं काम. पण लस घेतलेल्यालाही लागण होत होती आणि त्याच्यापासून दुसऱ्याला होत होती. ओमायक्रॉनच्या वेळी तर घरंच्या घरं तापली. म्हणून त्या ताईला आम्ही म्हटलं, तुझ्या सासूला खरा आधार शेजारणीच्या मोबाईलमधल्या कागदाचा नाही. सासूचे स्वतःचे दोन डोस, बाजारात दोन ओट्यांमधलं अंतर, तोंडावर मास्क आणि ताप असलेल्या बाईला त्या दिवशी घरी बसता यावं म्हणून गटातून थोडी उचल, या गोष्टींनी तिचं रक्षण होईल. शेवटी बैठकीत ठरलं ते असं. बाजार बंद करायचा नाही, बाजाराच्या तोंडाशीच लशीचा टेबल मांडायला आरोग्य केंद्राला सांगायचं. आरोग्य केंद्राने ते ऐकलं. बाया भाजी लावायच्या आधी दंड पुढे करून आत गेल्या. ती ताई स्वतः टेबलाशी नावं लिहायला बसली.

आणखी एक गोष्ट. कागदाला भाव आला की कागदाचा बाजार मांडला जातो. मे २०२१ मध्ये मुंबईत कांदिवलीच्या एका सोसायटीत लसीकरणाचं शिबीर झालं. पैसे घेतले, सुया टोचल्या. लोकांच्या हातात आलेल्या दाखल्यांवर भलत्याच दवाखान्यांची नावं, मग कळलं की शिबीरच बनावट. शिकलेल्या, पैसेवाल्या लोकांची ही गत. म्हणजे खोटा कागदवाला आत जातो आणि खरी लस घेतलेल्या आमच्या मावशी बाहेर राहतात.

कोर्टात काय झालं तेही सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकलबंदीच्या आदेशांवर ताशेरे ओढले, ते नियमाने ठरलेली पद्धत न पाळता काढले होते असं म्हटलं. एप्रिलपासून राज्याने निर्बंधच उठवले. मग २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. स्वतःच्या शरीरावर माणसाचा हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये तो येतो, कुणावर लशीची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच वेळी हेही म्हणालं की लोकांच्या आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, पण ती गरजेच्या मापाची हवीत. या निकालात आमची बाजारवाली बाईही आहे आणि ती सासूची काळजी करणारी ताईही आहे.

आता कामाचं बोलू. पुढे कधी साथ आली आणि कुणी असा दाखला मागायला लागलं, तर चार प्रश्न विचारायचे. लिहून घेतलेत तरी चालेल.

पहिला प्रश्न. हा कागद जे सांगतो ते खरं आहे का? हा दाखला असलेल्या माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगतात का? नसतील सांगत, तर कागदाच्या जोरावर कुणाला आत आणि कुणाला बाहेर करायचं नाही.

दुसरा प्रश्न. हा कागद सगळ्यांना फुकट, जवळ आणि वेळेत मिळतो का? गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, बिनफोनची बाई, तोडीला गेलेलं कुटुंब, या चौघांचं काय? नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ मोहीम आली, लस घरापर्यंत आली. ते फार चांगलं झालं. पण क्रम तोच असला पाहिजे. आधी लस दारात येऊ दे, मग दाखल्याचं बोलू.

तिसरा प्रश्न. दाखला कुठल्या दारावर मागताय? रेशन, पाणी, दवाखाना, रोजगार हमीचं काम, शाळा, ही पोटाची आणि जिवाची दारं. तिथे दाखला नको. दुसरा मार्ग ठेवा. घरपोच धान्य द्या, वेगळी वेळ द्या, फुकट तपासणी करा.

चौथा प्रश्न. हे किती दिवस, आणि तक्रार कुणाकडे? ज्या नियमाला शेवटची तारीख नाही तो नियम साथ गेली तरी घरात पाहुण्यासारखा ठाण मांडतो. आणि दाखल्यावरची आमची माहिती, आजार, वय, फोन नंबर, कोण बघणार आणि कुठे ठेवणार, हेही त्यातच विचारायचं.

हे चार प्रश्न ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे. एकटीने विचारलं तर म्हणतील, बाई फार बोलते. गटाने विचारलं तर इतिवृत्तात लिहावं लागतं. म्हणून येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की अर्धा तास या विषयाला द्या. आपल्या गावात कुणाच्या नावात चूक आहे, कुणाची नोंद दुसऱ्याच्या फोनवर आहे, कुणाला चालता येत नाही, याची यादी आत्ताच करा. एक प्रत आशाताईंकडे, एक ग्रामसंघाच्या फाईलमध्ये. साथ येईल तेव्हा ही यादी हातात असलेलं गाव आधी सुया पोहोचवील, कागद नंतर मागेल.

बैठकीत काय ठरलं ते रेडिओला कळवा. तुमच्या गावाला पाचवा प्रश्न सुचला तर तोही कळवा, पुढच्या वेळी आपण त्यावर बोलू.

नमस्कार.